आठ कानांची चिप

...तर धबधब्याने पाइप उचलला, इथपर्यंत काल आलो होतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. धबधबा म्हणजे आमच्या पोहण्याच्या तलावावर पंप चालवणारा माणूस. आईने हौसेने ठेवलेलं नाव त्याला असणारच, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतः मागे वळून बघणार नाही. या माणसाचा एकाच गोष्टीवर विश्वास, ती म्हणजे पाण्याचा पाइप. फरशी मळली, मारा पाइप. भिंतीवर शेवाळ आलं, मारा पाइप. एकदा पायऱ्यांवर दोन पोरं भांडत बसली होती, तर त्यांच्यावरही मारला. भांडण मिटलं, हे मात्र कबूल करायला हवं.

तलावावर मोठी पोहण्याची स्पर्धा व्हायची होती. पाहुणे येणार म्हणून धबधब्याने सगळं धुवायला काढलं. गॅलरी धुतली, कपडे बदलायच्या खोल्या धुतल्या आणि त्याच झपाट्यात पंचांची काचेची खोलीही धुतली. त्या खोलीत वेळ मोजायचं यंत्र ठेवलेलं होतं.

"त्याच्यावर धूळ होती हो," तो नंतर म्हणाला. धूळ गेली, यात शंका नाही.

त्या यंत्राची जबाबदारी आमच्या धाकट्या सुनेवर होती. आजची गोष्ट तिची.

सून त्या तलावावर सहा वर्षं तिकीट खिडकीत बसत होती. खिडकीतली खुर्ची कोणा ताडमाड माणसासाठी केलेली असावी. आमच्या सूनबाईची उंची बेताची, त्यामुळे तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. टेबलाखाली पत्र्याचा एक जुना खोका स्क्रूने पक्का बसवलेला होता, त्याच्यावर पाय ठेवून ती दिवसभर तिकिटं फाडायची. एक दिवस तिकीट छापायचं यंत्र अडकलं. दुरुस्तीवाला यायला चार दिवस लागणार होते, म्हणून तिने स्वतःच ते उघडलं आणि जेवणाच्या सुट्टीत चालू केलं. तिथून तिला नाद लागला. मग घरातला रेडिओ उघडला, मग शेजाऱ्यांची इस्त्री, मग माझं कानाचं यंत्र. कानाचं यंत्र दुरुस्त झाल्यावर आमच्या हिचं बोलणं मला पुन्हा सगळं ऐकू येऊ लागलं. त्या उपकाराबद्दल मी सुनेशी दोन दिवस बोललो नव्हतो.

तलावाचे चिटणीस कडक. "पण"शिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. त्यांनी तीन महिन्यांपूर्वी सुनेला खिडकीतून उठवून यंत्रावर बसवलं. "बाई, तुम्हाला संधी देतोय, पण स्पर्धा नीट पार पडली तरच. नाहीतर बाहेरचा कंत्राटदार आणू आणि तुम्ही आपल्या खिडकीत." सून हो म्हणाली. घरी आली आणि तारांना डाग द्यायची बोटभर लांबीची नवी सोल्डरिंग गन आम्हाला अशी दाखवली, जसा बायका नवा दागिना दाखवतात.

आणि मग धबधबा.

सुनेने यंत्र घरी आणलं, उघडलं, केस वाळवायच्या यंत्राने आतून वाळवलं. भाग एकेक करून तपासले. बाकी सगळं शाबूत निघालं. गेली होती फक्त एक चिप. अर्ध्या काडेपेटीएवढी काळी चौकोनी वस्तू, चारही बाजूंनी मिळून चौऱ्याऐंशी पाय.

"बाबा, नेमकी हीच गेली," ती म्हणाली. "हिच्याशिवाय यंत्र बहिरं आहे."

मी म्हटलं, "मला कळेल असं सांग. मी गावच्या शाळेत चार यत्ता शिकलेला माणूस."

तिने सांगितलं ते असं. तलावाला आठ लेन. प्रत्येक लेनच्या टोकाला भिंतीवर एक पिवळी फळी. पोहणाऱ्याचा हात फळीला लागला की फळी आपल्या तारेवरून निरोप पाठवते, की बाई, माझ्याकडचा माणूस इतक्या वेळात पोचला. निरोप एकदाच येतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. आठ जण एकदम पोचले तर आठ निरोप एकदम येणार. यंत्राचा मेंदू एकच, त्याला एका वेळी एकाचंच ऐकता येतं. ही चिप मध्ये बसते. तिला आठ कान, आणि प्रत्येक कानामागे निरोप जपून ठेवायची एक छोटी जागा.

मी हसायला लागलो. म्हटलं, "अगं, ही तर आमची शाळा! एक खोली, एक मास्तर आणि चार यत्ता. मास्तर तिसरीला कविता शिकवत असले की पहिली, दुसरी, चौथी आपापल्या पाटीवर उत्तर लिहून बसायची. मास्तर फिरत फिरत आले की पाटी वाचायचे. पाटीच नसती तर आमची उत्तरं हवेत गेली असती."

"तेच, बाबा," सून म्हणाली. "आपल्या आठही पाट्या फुटल्यात."

यंत्र करणारी कंपनी कधीच बंद पडलेली. सुनेने आधी एक जुगाड केलं. एका छोट्या पट्टीवर असा स्विच बांधला की यंत्र पहिल्या लेनचं ऐकेल, मग दुसरीचं, मग तिसरीचं, असं गरागरा फिरत राहील. घरी चार तारांवर चालवून दाखवलं. मला तर ते फार हुशारीचं वाटलं.

रविवारी सकाळी सराव शर्यत लावली. मी गॅलरीत होतो. पाचव्या लेनमध्ये लाल टोपीची एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, हातपाय काटकुळे, पण पाण्यात पडली की जणू कोणी तिला दोरीने ओढतंय. सगळ्यांच्या आधी तिने फळीला हात मारला. मी पाहिलं, शंभर जणांनी पाहिलं. तिच्या पाठोपाठ बाकीचे एका घोळक्याने आले. समोरच्या मोठ्या पाटीवर आकडे उमटले. सात लेनच्या पुढे वेळा आणि पाचव्या लेनच्या पुढे नुसती शून्यं.

तिचा हात लागला त्या क्षणी यंत्र दुसऱ्याच कोणाचं ऐकत होतं. पाटी नव्हती, उत्तर हवेत गेलं.

मुलगी रडली नाही. पाण्यात उभी राहून तिने काचेच्या खोलीकडे पाहिलं, एवढंच. सुनेने मान खाली घातली. चिटणीस खोलीत आले. "बाई, तुमची मेहनत दिसते, पण पुढच्या शनिवारी सकाळी शेवटची चाचणी. आठच्या आठ वेळा दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर सोमवारपासून खिडकी."

घरी जिना चढताना सून म्हणाली, "खिडकीचं मला काही नाही, बाबा. पण ती पोर पहिली आली आणि माझ्या मशीनने तिला आलीच नाही म्हणून सांगितलं."

सोमवारी आम्ही दोघं सुट्या भागांच्या बाजारात गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कोनाड्याएवढी दुकानं आणि प्रत्येक दुकानात छतापर्यंत डब्या. सून पुढे, मी पिशवी घेऊन मागे. चार दुकानांनी नाही म्हटलं. पाचव्याने नंबर ऐकून डोळे मिचकावले आणि डबीतून चिप काढली. नंबर बरोबर, अक्षरं पांढरीशुभ्र, चिप कोरी चकचकीत. मला वाटलं, झालं काम. सुनेने पर्समधून कापसाचा बोळा आणि नखांचं पॉलिश काढायची बाटली काढली. चिपच्या पाठीवरून बोळा फिरवला. बोळा काळा झाला, नंबर गेला आणि खालून भलताच जुना नंबर वर आला.

"दादा, हिचा तर मेकअप निघाला."

दुकानदार जराही ओशाळला नाही. "ताई, तुम्ही चिप घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

"संसार मला करायचाय ना हिच्याबरोबर," सून म्हणाली आणि चिप परत केली.

पुढच्या दुकानात संगणकावर बघून सांगणारा एक तरुण भेटला. "मिळेल. चौदा आठवडे."

"आमची चाचणी शनिवारी आहे."

"मग चाचणी चौदा आठवडे पुढे ढकला ना." वर हसला. मला काठी न आणल्याचा पस्तावा झाला.

गल्लीच्या टोकाला एका माडीवर एक म्हातारा दुरुस्तीवाला बसतो, हे चहावाल्याने सांगितलं. माझ्यापेक्षाही म्हातारा निघाला, तेव्हा मला बरं वाटलं. कपाळावर भिंग बांधलेलं, आजूबाजूला उघडे पडलेले टीव्ही. सुनेने मेलेली चिप त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने भिंग डोळ्यांवर ओढलं आणि एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला.

"ही होय! आमच्या उमेदीच्या काळात कुठेही आठ तारा एका ठिकाणी आणायच्या म्हटलं की सगळे हीच लावायचे. दुसरी मिळायचीच नाही."

"आता कुठे मिळेल, आजोबा?"

"दुकानात नाही मिळायची. दुकानं सोड. आठ तारा एका जागी येतात असं एखादं जुनं धूड शोध. पत्र्याचं, जड, लोक विसरून गेलेलं."

"असं कुठे असेल?"

"ते मला माहीत असतं तर मीच आणून तुला विकली नसती का?"

मंगळवार, बुधवार, गुरुवार सून वणवण हिंडली. बँकेच्या मागच्या अंगणात जुनी यंत्रं पडली होती, ती आदल्याच महिन्यात भंगारात गेली होती. टेलिफोनच्या जुन्या कचेरीत रखवालदाराने आत सोडलं, पण तिथे आता कपड्यांचं गोदाम. गुरुवारी संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा हाताला गंज आणि केसांत जाळी.

आमची ही म्हणाली, "अगं, आठ तारा आठ तारा काय घेऊन बसलीस? आपल्या वाळत घालायच्या दोऱ्या आहेत आठ. बघ त्यांना कान फुटतात का."

सून हसली, पण घास हातातच राहिला.

शुक्रवारी सकाळी तलावावरून निरोप. खिडकीत बसणारी नवी बाई आजारी, आजच्या दिवस तुम्ही बसा. मला तो अपशकुनच वाटला. पण सून उठली आणि गेली, मीही मागून गेलो. माझा रोजचा बाक खिडकीच्या बाजूलाच आहे, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

सकाळची गर्दी होती. सून त्या ताडमाड खुर्चीवर बसली आणि सवयीने तिचे पाय खालच्या पत्र्याच्या खोक्यावर गेले. तिकिटं फाडायला लागली. समोर आत जायचे चार लोखंडी फिरते दांडे, बाहेर यायचे चार. आता त्यातला एक आत जायला आणि एक यायला चालतो, बाकीचे साखळीने बांधून ठेवलेत. ती रांगेकडे बघत होती. माणूस दांडा ढकलतो, दांडा खट्ट वाजतो, पुढचा येतो. खट्ट, खट्ट.

मध्येच तिचा हात थांबला. एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तिकीट देताय ना?"

ती दांड्यांकडे बघत म्हणाली, "चार आणि चार."

"नाही हो, आम्ही दोघंच आहोत."

सुनेने त्यांना दोन तिकिटं दिली, रांगेला हात जोडून "एक मिनिट" म्हटलं आणि माझ्याकडे बघून ओरडली, "बाबा, त्या दांड्यांच्या पायाशी बघा! तारा आहेत का?"

मी गुडघे धरत वाकलो. प्रत्येक दांड्याच्या बुडातून एक काळी तार निघत होती. आठ दांडे, आठ तारा. वर्षानुवर्षांच्या रंगाखाली त्या फरशीच्या कडेकडेने जात होत्या आणि भिंतीतल्या भोकातून तिकीट खिडकीच्या आत शिरत होत्या. मी सांगितलं. सून खुर्चीवरून खाली उतरली आणि टेबलाखाली गेली. बाहेरून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

सुनेच्या आधीच्या काळी म्हणे पाण्यात किती माणसं आहेत हे मोजायला ते दांडे तारांनी जोडले होते. मोजणारं यंत्र कधीतरी बंद पडलं आणि लोक ते विसरले. खोका तेवढा राहिला, जड, पत्र्याचा, स्क्रूने पक्का. सहा वर्षं आमच्या सुनेने त्याच्यावर पाय ठेवून नोकरी केली होती.

टेबलाखालून तिचा आवाज आला. "धबधबा भाऊंना बोलवा. स्क्रू गंजलेत. आणि त्यांना म्हणावं, पाइप घेऊन येऊ नका!"

धबधबा आला. अपराधी माणूस, त्याने एवढ्या जोराने स्क्रू फिरवले की टेबलच उठून येतं की काय असं वाटलं. झाकण निघालं. आत धूळ, एक मेलेलं झुरळ आणि मधोमध, आपल्या खाचेत, चौऱ्याऐंशी पायांची ती काळी चौकोनी बाई. सुनेने पदराच्या टोकाने धूळ पुसली. नंबर तोच. पॉलिशचा बोळा फिरवला. बोळा मळला, नंबर हलला नाही.

"वहिनी, हीच का?" धबधब्याने विचारलं.

सुनेने होकाराची मान हलवली. रांगेतल्या लोकांना काही कळलं नव्हतं, पण कोणीतरी टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली.

पण चिप खाचेतून काढायची कशी? खाच खोल, चिप घट्ट. त्यासाठी खास चिमटा असतो आणि तो आमच्याकडे नव्हता. पायांतला एक जरी मोडला असता तरी सगळं संपलं. सुनेने दुपारी खोका घरी आणला, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सासूसमोर उभी राहिली.

"आई, तुमची क्रोशाची सुई. सगळ्यात बारीक, स्टीलची."

"माझा रुमाल अर्धा झालाय त्या सुईवर!"

"आई, आठ कान आहेत."

"कान आठ असोत नाहीतर सोळा, सुई वाकडी झाली तर तुझा एक मी पिळीन," असं म्हणत हिने रुमालातून सुई काढून दिली. आणि बाजूला उभं राहून, श्वास रोखून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. खाचेच्या दोन कोपऱ्यांना चिरा असतात. सुनेने सुईचा आकडा एका कोपऱ्यात घातला, केसभर उचललं. मग समोरचा कोपरा, केसभर. मग पुन्हा पहिला. असं करत करत चिप टक् आवाज करून वर आली. पायांवर हिरवट थर होता, तो तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि स्पिरिटने काढला. मग तलावाच्या यंत्रात, चिपचा कापलेला कोपरा खाचेच्या कापलेल्या कोपऱ्याशी जुळवून, अंगठ्याने दाबून बसवली. यंत्र चालू केलं. आठ तारांवर आठ खोटे निरोप एकदम पाठवले. पडद्यावर आठ ओळी.

ही म्हणाली, "माझी सुई?"

सुई सरळच होती. हिने ती उजेडात धरून तपासली, मगच सुनेच्या गालावरून हात फिरवला.

शनिवारी सकाळी चाचणी. पोहणारी मुलं अजून अंग मोकळं करत होती. सून चिटणिसांना म्हणाली, "शर्यतीआधी मला आठ माणसं पाण्यात हवीत. आठ जणांनी एकाच क्षणी फळीला हात मारायचा. यंत्राला याहून अवघड काही नाही."

माणसं जमवली. दोन जीवरक्षक, झाडूवाली बाई, तलावावरचा चहावाला, दोन पंच आणि धबधबा. सात झाली.

"आठवं कोण?" चिटणीस म्हणाले.

सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"मला पोहता येत नाही, बाई!"

"पोहायचं नाही साहेब. या टोकाला कमरेएवढंच पाणी आहे. भिंतीशी उभं राहायचं आणि शिटी झाली की फळीला हात मारायचा."

सगळा स्टाफ बघत होता. चिटणीस आत गेले आणि कोणाची तरी मागून घेतलेली निळी चड्डी घालून बाहेर आले. त्यांना पाचवी लेन मिळाली. पाणी गार होतं, त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इथे सांगत नाही.

शिटी झाली. आठ हात एकदम फळ्यांवर बसले, फाट्! मी पाटीकडे बघितलं आणि खोटं कशाला सांगू, डोळे मिटून घेतले. गॅलरीतून आरोळी उठली तेव्हा उघडले. आठच्या आठ वेळा झळकत होत्या. पुन्हा केलं, आठ. तिसऱ्यांदा केलं, आठ. धबधबा पाण्यातच नाचायला लागला, तर झाडूवाली बाई त्याला म्हणाली, "बस की, तुझ्या नाचाची वेळ नाही मोजत कोणी."

मग खरी शर्यत लागली. लाल टोपीची मुलगी पुन्हा पाचव्या लेनमध्ये. पुन्हा तशीच आली, सगळ्यांच्या पुढे, आणि हात मारून तिने पहिल्यांदा वर पाटीकडे पाहिलं. पाचव्या लेनसमोर तिची वेळ होती आणि वेळेपुढे एकचा आकडा. तिने पाण्यातून काचेच्या खोलीकडे बघून हात हलवला. सुनेने आत उभं राहून दोन्ही हात हलवले, एका हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

चिटणीस टॉवेल गुंडाळून, ओठ निळे पडलेले, खोलीत आले. म्हणाले, "बाई, यंत्र तुमचं. कायमचं. कंत्राटदाराचा अर्ज मी फाडतोय." मी वाट बघत होतो आणि ते आलंच. "पण मला एक सांगा. ही चिप सहा वर्षं तुमच्या पायाखाली होती म्हणता. मग सहा वर्षांत एकदाही बोलल्या कशा नाहीत?"

सुनेने यंत्राचं झाकण बसवलं, शेवटचा स्क्रू आवळला आणि म्हणाली, "साहेब, सहा वर्षं त्या खिडकीशी येऊन प्रत्येकाने माझ्याकडे सुटेच मागितले. चिप मागितली असती तर ती पण काढून दिली असती!"